बिनभिंगाचा कॅमेरा

नानांकडं कॅमेरा होता, पण त्याला भिंग नव्हतं. एवढं सांगितलं की लोक हसतात, आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. आता सांगायचाही कंटाळा आलाय. पण दुकानात बसून दुसरं करायचं तरी काय? लग्नाच्या तिथी संपल्या की भूमच्या एसटी स्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओवाल्याला दोनच कामं उरतात. एक पासपोर्ट साइजचं आणि दुसरं गेलेल्या माणसांचं. पासपोर्टवाले घाईत असतात. गेलेल्यांना घाई नसते, पण त्यांच्या घरच्यांना असते, कारण तेराव्याच्या आत फोटो भिंतीवर लागायचा असतो.

ह्या दुसऱ्या कामाबद्दल थोडं सांगतो. आमच्याकडं माणूस जातो तेव्हा त्याचा एकट्याचा धड फोटो कधीच सापडत नाही. सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला, नाहीतर बायकोबरोबरचा. बायको जिवंत असते आणि जिवंत माणूस हाराच्या फोटोत चालत नाही. मग तिला कापायचं. गड्याच्या अंगात कोट घालायचा, मागं निळं आभाळ टाकायचं. कापताना बाकी काही अडचण येत नाही, खांद्यावर ठेवलेला हात तेवढा त्रास देतो. इतकी वर्षं जोड्या तोडून माझे डोळे गेले, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय.

नाना पाटबंधारे खात्यात आरेखक होते, म्हणजे तलावांचे आणि कालव्यांचे नकाशे काढणारे. उभी नोकरी सरळ रेषा मारण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांना जगात एकही गोष्ट सरळ दिसेना. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते कामासाठी नव्हेच. काचेत लावलेल्या लग्नाच्या एका फोटोकडं बोट करून म्हणाले, "ह्यातला खांब पडतोय."

"कुठला खांब?"

"मांडवाचा. नवरदेवाच्या मागं बघा की. वरून आत झुकलाय. कुणाच्या तरी टाळक्यात बसंल."

मी कैक लग्नं काढली होती, पण खांबाकडं बघायचे पैसे मला कुणी दिले नव्हते. तसं मी बोलूनही दाखवलं. नानांना राग आला नाही. त्यांनी माझ्याकडून चहा घेतला, पट्टी मागितली, खांब किती झुकलाय ते फोटोवर मोजलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते रोजचे झाले.

खांब न पाडणारा कॅमेरा असतो हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. उंच इमारत काढताना आपण कॅमेरा वर करतो, म्हणून ती मागं झुकलेली येते. ह्या कॅमेऱ्यात कॅमेरा ताठ ठेवायचा आणि नुसतं भिंगच वर सरकवायचं. इमारत सरळ उभी राहते. त्याला टेक्निकल कॅमेरा म्हणतात. मागं मोठी डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मच्या जागी फोटो टिपणारा डबा, बसवली की भिंतीवरून चाललेली मुंगीसुद्धा फोटोत ओळखता येते. मुंबईचा कुणी जाहिरातवाला फोटोग्राफर धंदा बंद करून सामान काढत होता. निवृत्तीच्या पैशाला हात लावून नाना एसटीनं गेले आणि पेटी मांडीवर घेऊन एसटीनंच परत आले. त्या माणसाची भिंगं आधीच दुसरं कुणी घेऊन गेलं होतं. नानांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

"बरंच झालं," ते म्हणाले. "भिंग ज्याचं त्यानं निवडावं. दुसऱ्याचा चष्मा आपण लावतो का?"

आम्ही सगळे लेन्स म्हणतो, नाना भिंग म्हणायचे. खात्यात मोजणीच्या दुर्बिणीला तसंच म्हणत असणार. त्यांच्या संगतीनं मीही भिंगच म्हणायला लागलो, आणि आता बार्शीचे पोरसवदा फोटोग्राफर मला हसतात.

काकूंनी ती पेटी उघडली तेव्हा मी तिथंच होतो. काकू म्हणजे नानांच्या मंडळी, माहेर ईटचं, बोलायला एकदम रोखठोक. पेटीत एका बाजूला गुंडाळलेली बॅक, दोन जाड धातूच्या चौकटी, सरकवायच्या दोन चाव्या आणि पुढं एक गोल भोक. काकूंनी त्या भोकातून आरपार बघितलं.

"आंधळाच आणला व्हय ओ?"

"डोळा बसवायचाय अजून," नाना म्हणाले.

"मंग लवकर बसवा. पयला फोटो जोडीचा काढायचा."

जोडीच्या फोटोची ही गोष्ट जुनी होती. त्यांच्या लग्नात ईटला फोटोग्राफर बोलावला होता. त्या काळी रोलचा कॅमेरा. रोल अडकला का काय म्हणून त्या बहाद्दरानं भर मांडवात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून बघितलं. उन्हानं सगळा रोल जळाला. सप्तपदी गेली, पंगत गेली, जोडीचा फोटो गेला. काकू हे सांगताना हसायच्या, पण प्रत्येक वेळी सांगायच्या. नवीन नवरीचं मन राखायला तेव्हा नाना म्हणाले होते, "मी काढीन आपला. नीट काढीन." त्यांनी शब्द दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत ते नकाशासारखेच काटेकोर होते. फक्त त्यातल्या 'नीट' ह्या शब्दाला पुढं अंत राहिला नाही.

भिंग निवडायची त्यांची रीत सांगितली पाहिजे. त्यांनी पुठ्ठ्याला मधोमध आयताकृती खिडकी कापली होती आणि पुठ्ठ्याला एक दोरी बांधली होती. दोरीला गाठी. एकेक गाठ म्हणजे एकेक भिंग. गाठ दातात धरायची, दोरी ताणेपर्यंत पुठ्ठा पुढं न्यायचा, एक डोळा मिटायचा. खिडकीत जेवढं दिसेल तेवढं त्या भिंगात मावणार. जवळची गाठ रुंद भिंगाची, म्हणजे बत्तीस मिलिमीटरच्या, लांबची गाठ अरुंद भिंगाची, साठच्या. हा पुठ्ठा कायम गळ्यात. बाजारात, बँकेत, मयताला, कुठंही नाना एकदम थांबायचे आणि दोरी दातात धरायचे. शाळेतली पोरं त्यांना दोरीवाले बाबा म्हणायची. भिंग नव्हतं, पण फोटो काढणं एक दिवसही बंद नव्हतं.

एकदा मला नळदुर्गला लग्नाची ऑर्डर होती. नाना व्हॅनमध्ये येऊन बसले, म्हणाले किल्ल्याची भिंत कुठल्या भिंगात बसते ते बघून येऊ. हायवेच्या कडेला एका ढाब्यासमोर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याकडं तोंड करून दोरी दातात धरली. पुढं सरकले, मागं सरकले, पार ढाब्याच्या भटारखान्याला पाठ टेकली. ढाबेवाला धावत बाहेर आला. त्या दिवसांत रस्ता रुंद होणार, कुणाची जागा जाणार, अशी हवा सगळीकडं होती. एक डोळा मिटून दोरी ताणणारा वयस्क साहेब बघून त्यानं काय ओळखायचं ते ओळखलं. आम्हाला बसवलं, शेवभाजी आणली, पैशाचं नावच काढू देईना.

"साहेब, कसं काय बसतंय?" त्यानं हळूच विचारलं.

नानांना भिंगाबद्दल आपणहून विचारणारा माणूस जन्मात पहिल्यांदा भेटला होता. ते खुलले. "हे बघा, साठचं घ्यायची माझी लई इच्छा हाय. पण तुमची ही मागची भिंत आडवी येती. ही पडली तरच साठचं जमतंय. न्हायतर मंग बत्तीसवरच भागवावं लागंल."

ढाबेवाल्याचा चेहरा पडला. "साहेब, बत्तीसच घ्या. लेकरंबाळं हायत आमाला."

"बत्तीसमधी कडंची माणसं ताणली जात्यात पण."

"ताणू द्या साहेब! माणसांचं आमी बघतो!"

मी मधे पडून खुलासा करू लागलो तर ढाबेवाला मलाच एजंट समजला. निघताना त्यानं नानांच्या पाया पडून भिंतीकडं बोट केलं. गाडीत मी नानांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी दोरी पुठ्ठ्याभोवती गुंडाळली. मग म्हणाले, "तरीच. मला वाटलं मानूस दर्दी हाय."

मुंबई-पुण्याची काही दुकानं भिंगं चार दिवसांच्या भाड्यानं कुरिअरनं पाठवतात. नाना एकेक मागवायचे. पार्सल आलं की मला फोन, "पाहुणा आलाय, या." मी दुकानाचं शटर अर्धं ओढून जायचो. का जायचो हे मला आजही नीट सांगता येत नाही. मला त्यांचा राग यायचा, काकूंसाठी जीव तुटायचा, आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेवाही वाटायचा. मी दिवसाला शेकड्यानं फोटो काढत होतो आणि त्यातला एकही काढावासा वाटलेला नव्हता.

घराच्या मागं लहान अंगण, आणि पलीकडं शेजाऱ्याच्या गोदामाची घडीव दगडाची लांबलचक भिंत. भिंगाची परीक्षा त्या भिंतीवर. दगडांच्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या रेघा, सरळ आल्या पाहिजेत, म्हणून कॅमेरा मागच्या दाराच्या पायरीवर, अगदी भिंतीसमोर. मधोमध काही नाही, नुसती भिंत. काकूंना उभं करायचं ते फोटोच्या पार डाव्या कोपऱ्यात. कमरेवर स्टीलची कळशी. कळशीच्या चकाकत्या कडेला जांभळी रेघ उमटली की भिंग हलकं, हा त्यांचा नियम होता.

"अजून कोपऱ्यात सरक," नाना टॉवेलाखालून ओरडायचे. उन्हात बॅकचा पडदा दिसावा म्हणून डोक्यावर टॉवेल घ्यायचे.

"अजून सरकले तर शेजारनीच्या घरात जाईन."

"हलू नको. मोजतोय."

एकदा काकू वैतागून म्हणाल्या, "एकडाव मला मधी उभं करा की. समदी भिंत मधी आन मी कोपऱ्यात."

नाना टॉवेलातून बाहेर आले आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे नंतर मला त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की पाठ झालं. "मधी सगळीच भिंगं चांगली असत्यात. मधल्याचं काय बघायचं? पारख कोपऱ्यात होती."

"मंग मी हायच की कोपऱ्यात, जलमभर," काकू म्हणाल्या आणि कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली.

फोटो झाला की भिंगासमोर एक दुधी रंगाची पाटी धरून त्याच जागेचा आणखी एक नुसता पांढरा फोटो काढायचा. रुंद भिंगात एक कोपरा हिरवट येतो, दुसरा गुलाबी. त्या पांढऱ्या फोटोवरून कॉम्प्युटरवर रंग सारखा करता येतो. गल्लीत मात्र बातमी अशी पसरली की नाना एवढा महागाचा कॅमेरा आणून कोरा फोटो काढतात. काकू सांगायच्या, "माजी मोतिया साडी ह्यांच्या फोटूत पोपटी होती. आन मी नुसतीच रुंद."

भिंगाचं गणित त्यांनी मला भाकरीवर शिकवलं. ताटातल्या भाकरीवर काड्यापेटी ठेवली. "भिंग हे असं गोल चित्र पाडतं. आपला फोटो म्हंजी ही काड्यापेटी. आता इमारत सरळ ठेवायला पेटी वर सरकवली." त्यांनी पेटी सरकवली, तिचा कोपरा भाकरीबाहेर गेला. "गेला का कोपरा अंधारात? म्हणून भाकरी मोठी पायजे. जेवढी भाकरी मोठी तेवढी सरकायला मोकळीक." काकूंनी काड्यापेटी उचलून चुलीकडं नेली. म्हणाल्या, भाकरी मोठीच पाहिजे असेल तर तसं आधी सांगत जा.

असं करत करत दोन भिंगं उरली. बत्तीसचं आणि साठचं. बत्तीसच्या भिंगात सगळी भिंत मावायची, पण कोपऱ्यातलं माणूस ताणून रुंद व्हायचं. साठच्या भिंगात माणूस जसंच्या तसं, पण भिंत मावायची नाही, आणि मागं सरकायला जागा नाही कारण मागं घर. मी म्हणायचो, नाना, भिंत सोडा, माणूस घ्या. नाना माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. "भिंत सोडली तर सरळ कशाला म्हनायचं? आन जोडीचा फोटो म्हंजी काय नुसती दोन मुंडकी?"

एक दिवस मी सरळच विचारलं की परीक्षेला काकूच कशाला, एखादं पोतं उभं करा. तेव्हा ते कॉम्प्युटरवर फोटो मोठा करून कोपरा बघत होते. फोटो कधी पूर्ण बघायचेच नाहीत. उघडला की थेट डाव्या कोपऱ्यात जायचे, पडदाभर मोठा करायचे आणि नाकाला नाक लावून बसायचे. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जे पाठ हाय तेच कोपऱ्यात ठेवायचं. म्हंजी भिंगानं कुटं लबाडी केली ते लगेच कळतं. पोतं काय मला पाठ हाय का?" मला ते तेव्हा कामाचं बोलणं वाटलं आणि मी मान हलवली.

मी एकदा काकूंना म्हटलं होतं, चला, दुकानात या दोघं, दोन मिनिटांत जोडीचा फोटो काढून देतो. नाना म्हणाले, "तुमच्या त्या प्लास्टिकच्या भिंगानं?" मला लागलं. मग काकूंना एकट्यांना विचारलं, तर त्याही तयार होईनात. एरवी नवऱ्याला दिवसभर टोचणारी बाई, पण म्हणाल्या, "आता येवढी थांबले. ह्यांच्याच हातचा काढू. न्हायतर ह्यांच्या मनाला लागंल."

त्यांच्या लेकीच्या लग्नाची ऑर्डर माझ्याकडंच होती. त्या अल्बमात नाना भरपूर आहेत आणि कुठंच नाहीत. प्रत्येक फोटोत त्यांच्या तोंडासमोर पुठ्ठा. कन्यादानात तेवढा पुठ्ठा खाली आहे, पण डोळे मांडवाच्या खांबाकडं. व्याही हसले, जावई हसला. पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना नाना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "दोन पावलं डावीकडं व्हा. खांब सरळ येईल." मी त्यांच्याकडं बघितलं तर डोळे भरले होते. मी दोन पावलं डावीकडं झालो.

त्यानंतर आणखी पाहुणे आले आणि गेले. नाना थकले. कॅमेरा पायरीपर्यंत न्यायलाही त्यांना दम लागायला लागला. मीही थकलो होतो. फोन आला की आज गिऱ्हाईक आहे असं सांगायचो. काकू मात्र पार्सल आलं की मोतिया साडी नेसायच्या, कळशी घासायच्या आणि कोपऱ्यात जाऊन उभ्या राहायच्या. आता त्या 'किती येळ' असंही विचारत नव्हत्या. भिंतीला टेकून उभं राहायची सवय त्यांच्या पायांना झाली होती.

एका सकाळी नानांच्या छातीत दुखायला लागलं. बार्शीला नेईपर्यंत वाटेतच संपलं. त्या आठवड्यात एक पाहुणा कुरिअरच्या ऑफिसात येऊन पडला होता. मी तो न उघडता परत पाठवला.

दिवस करायच्या आधी काकू लेकीला घेऊन दुकानात आल्या. मी उठून उभा राहिलो. काकूंनी पिशवीतून आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"येवढाच हाय," त्या म्हणाल्या.

त्या फोटोत नाना नुकतंच कुणीतरी पकडून आणल्यासारखे दिसत होते. लेकीनं मोबाइल काढला. नानांचे फोटो होते, पण पाठमोरे, नाहीतर पुठ्ठ्याआडचे. माझ्या अल्बमातले मी आधीच बघून ठेवले होते. मी म्हटलं, आधारचाच घेतो, जरा उजळ करतो, अंगात कोट घालतो.

"कोट?" काकू म्हणाल्या. "जलमात कोट घातला न्हाय त्येंनी. मेल्यावर कशाला शिवता?"

मग त्यांनी पिशवीतून नानांची हार्ड डिस्क काढली. कॅमेऱ्याचे सगळे फोटो त्यात होते. त्यांना वाटत होतं, एखाद्या वेळी तरी ते पुढं येऊन उभे राहिले असतील. मला माहीत होतं की नसणार, पण नाही कसं म्हणायचं? एकेक फोटो उघडत गेलो. भिंत. भिंत. कोरा पांढरा. भिंत. लेक कंटाळून बाहेर बाकावर जाऊन बसली.

"मधी काय बघताय?" काकू म्हणाल्या. "कोपऱ्यात जावा. ते कोपऱ्यातच बघायचे."

मी डावा कोपरा मोठा केला आणि पडदाभर काकू आल्या. कपाळावरचं गोंदण, कानामागं खोचलेली बट, उन्हानं बारीक केलेले डोळे. दुसरा फोटो उघडला, कोपरा मोठा केला, पुन्हा काकू. ह्यात चिडलेल्या. पुढच्यात पदर तोंडात धरून हसणाऱ्या. एकात केस काळे, एकात अर्धे पिकलेले, एकात पार पांढरे. लग्नातला एक फोटो नाही म्हणून इतकी वर्षं हळहळणारी बाई स्वतःच्या तोंडाकडं बघत बसली. तेव्हा मला ते पाठ असण्याचं वाक्य आठवलं. नाना इतकी वर्षं पडद्याला नाक लावून नेमकं काय बघत होते ते मला त्या क्षणी समजलं. मी काकूंना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

काकूंनी पडद्यावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "मंग तोंडानं सांगायचं की."

मी पुढचा फोटो उघडला. बत्तीसच्या भिंगाचा होता. मला आठवला, कारण त्या भिंगाचा तो नग नानांनी कोपरा मऊ, म्हणजे जरा पुसट, येतो म्हणून नापास करून परत पाठवला होता. काकू त्यात ताणून दीडपट झाल्या होत्या. कमरेवरची कळशी मात्र आरशासारखी लखलखत होती.

"नवी हाय ती," काकू म्हणाल्या. "लेकीच्या लग्नात आहेर आल्ती. पयल्यांदाच काढलेली."

मी कळशी मोठी केली. कळशीच्या पोटात सगळं अंगण वाकून बसलं होतं. मागचं दार, पायरी, कॅमेऱ्याची तिपाई. आणि तिपाईशेजारी नखाएवढा एक माणूस. तोंड दिसत नव्हतं, तेवढं त्या कॅमेऱ्यालाही जमलं नव्हतं. पण डोक्यावर टॉवेल, गळ्यात पुठ्ठा, आणि एक हात बाजूला उचललेला.

काकू खुर्चीतून पुढं झुकल्या.

"सरक म्हनतायत," त्या म्हणाल्या. आणि मग नाना गेल्यापासून पहिल्यांदा, निदान माझ्यासमोर तरी, त्या रडल्या.

थोड्या वेळानं मी धंद्याचं बोललो. म्हटलं, कळशीतला तेवढा भाग कापून मोठा करतो, तोंड नाही पण उभं राहणं त्यांचंच आहे. तुम्हाला काढून टाकावं लागेल, काकू. जिवंत माणूस हाराच्या फोटोत ठेवत नाहीत.

"कापायचं न्हाय," काकू म्हणाल्या. "हाय तसा आख्खा काढा. भिंतीसकट."

मी सोलापूरच्या लॅबमधून मोठा प्रिंट काढून आणला आणि स्वतः फ्रेम केला. तेराव्याला बाहेरच्या खोलीत तो टांगला. दगडाची लांबलचक भिंत, दर्जा अशा सरळ की पट्टी लावावी. मधोमध कुणी नाही. डाव्या कोपऱ्यात रुंद झालेल्या काकू आणि कमरेवर कळशी. आलेली माणसं आत यायची, भिंतीच्या फोटोपुढं हात जोडायची आणि घोटाळ्यात पडायची. एका म्हाताऱ्या पाहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, फोटो चुकून दुसराच आलाय का? मी त्याला जवळ नेऊन कळशी दाखवली. त्यानं चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "व्हय की. नानाच हाय."

नानांच्या पुतण्यानं चंदनाचा हार आणला होता. तो स्टुलावर चढला. काकू आतून जेवणाचं बघता बघता बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

"खाली उतर," त्या म्हणाल्या. "हार नको."

"आसं कसं काकू? तेरावा हाय. लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. जोडीचा फोटो हाय त्यो."